फोटो लहान करा, पण एकदाच

‘फोटोची साइज कमी करून पाठव’ या वाक्याचे दोन वेगळे अर्थ होतात, आणि त्यातला कोणता हवाय हे सांगणाऱ्यालाही बऱ्याचदा ठाऊक नसतं. एक साइज पिक्सेलमधली: फोटो किती ठिपके रुंद, किती ठिपके उंच. दुसरी केबी-एमबीमधली: फाइल किती जागा खाते. पिक्सेल कमी केले की केबीही उतरतात हे खरं, पण केबी उतरवायला पिक्सेल कमी करावेच लागतात असं नाही. १०८० पिक्सेल रुंदीचा एकच फोटो ८० केबीतही बसवता येतो आणि ८०० केबीतही. ८० केबीवाल्यात आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसल्या जातात, एवढाच काय तो फरक.

मोबाइलचा साधा १२ मेगापिक्सेलचा फोटो घेऊ. ४००० × ३०००, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, आणि प्रत्येक आकड्याला एक बाइट. हिशेब सरळ आहे: ३६ एमबी. गॅलरीत मात्र तीच फाइल तीन-चार एमबीची दिसते. उरलेले तीसेक एमबी फोन फोटो सेव्ह करतानाच उडवून मोकळा झालेला असतो. तेव्हा ज्याला आपण ‘ओरिजिनल’ म्हणतो, तोही एकदा आवळलेलाच असतो. ते काम इतकं बेमालूम होतं की कुणाच्या लक्षात येत नाही.

आता हा फोटो बघणार कुठे? फुल एचडी स्क्रीनची उंची १०८० पिक्सेल. त्यावर आपला आडवा फोटो पूर्ण मावायचा तर तो १४४० × १०८० होतो. म्हणजे साडेपंधरा लाख ठिपके, मूळ फोटोच्या जेमतेम आठवा हिस्सा. मोबाइल उभा धरून बघितला तर त्याहूनही कमी. बाकीचे ठिपके स्क्रीनला दाखवताच येत नाहीत, मग ते पाठवले काय आणि न पाठवले काय. फोटो लहान केला की दर्जा जातो ही भीती इथेच अर्धी संपते. बघणाऱ्याच्या स्क्रीनवर जेवढं मावतं तेवढं नीट पोचलं तर त्याच्या दृष्टीने काहीच गेलेलं नसतं.

दर्जा जातो तो दोन कारणांनी. एक, ठिपके कमी करण्याची पद्धत चुकते. दोन, तोच फोटो पुन्हापुन्हा आणि आपल्या हाताबाहेर आवळला जातो.

सोळातून एक

४००० पिक्सेलचा फोटो १००० वर आणायचा म्हणजे जुन्या चार गुणिले चार, सोळा ठिपक्यांच्या जागी नवा एक ठिपका बसवायचा. त्याचा रंग कोणता ठेवायचा? आळशी उत्तर असं, की सोळातला एक उचला आणि पंधरा फेकून द्या. सॉफ्टवेअरमध्ये याला ‘नियरेस्ट नेबर’ म्हणतात. कोकणातल्या एखाद्या कौलारू घराचा फोटो असा लहान करून बघा. छपरावर कौलांच्या ओळींऐवजी भलत्याच लाटा उमटतात, ज्या मूळ फोटोत कुठेच नव्हत्या. विजेच्या तारा तुटक होतात. बारीक चौकडीच्या शर्टावर पट्टे नाचायला लागतात. कौलांच्या ओळी ठरावीक अंतराने येतात, आपण ठिपके दुसऱ्याच अंतराने उचलले, आणि ही दोन अंतरं एकमेकांशी जुळली नाहीत, म्हणून ही खोटी नक्षी तयार झाली. तिला मॉइरे म्हणतात. एकदा उमटली की ती काढता येत नाही.

शहाणी पद्धत म्हणजे सोळाही ठिपक्यांना विचारात घेऊन सरासरी काढायची, आणि जवळच्या ठिपक्याला जास्त, लांबच्याला कमी वजन द्यायचं. बायलिनिअर, बायक्युबिक, लँझोस ही नावं रिसाइझच्या खिडकीत दिसतात, ती या वजन देण्याच्या वेगवेगळ्या रीती आहेत. शेवटचं नाव कॉर्नेलिअस लँझोस या हंगेरियन गणितज्ञाचं. फोटो लहान करताना बायक्युबिक किंवा लँझोस निवडलं तर शंभरातल्या नव्वद लोकांना पुढे काही बघायची गरज नाही. बायलिनिअरमध्ये थोडी मेख आहे. काही सॉफ्टवेअरांत ते फक्त शेजारच्या चार ठिपक्यांकडे बघतं, त्यामुळे फोटो निम्म्याहून लहान केला की मधले ठिपके विचारातच घेतले जात नाहीत आणि कौलांच्या लाटा परत येतात.

सरासरीतही एक गंमत आहे, आणि ती चांगल्या चांगल्या सॉफ्टवेअरांना नडते. फाइलमधले ० ते २५५ हे आकडे थेट प्रकाशाचं माप नसतात. ते डोळ्याच्या सोयीने वाकवलेले असतात. एक ठिपका पूर्ण काळा, शेजारचा पूर्ण पांढरा असेल, तर आकड्यांची सरासरी १२८ येते. पण लांबून बघणाऱ्याच्या डोळ्यात या दोन ठिपक्यांचा मिळून जेवढा उजेड शिरतो, त्याचा फाइलमधला आकडा १८८ आहे. सॉफ्टवेअरने नुसत्या आकड्यांची सरासरी काढली तर बारीक उजळ गोष्टी लहान फोटोत मंदावतात. दिवसाच्या फोटोत हे कळतसुद्धा नाही. दिवाळीत गॅलरीला लावलेल्या दिव्यांच्या माळांचा, नाहीतर रात्रीच्या शहराचा उंचावरून काढलेला फोटो लहान केल्यावर मलूल का दिसतो, याचं एक कारण मात्र हे आहे. उपाय साधा: लहान केल्यानंतर ब्राइटनेस किंचित चढवायचा.

सरासरी म्हटली की कडा थोड्या मऊ पडणारच. म्हणून लहान केल्यावर शेवटी हलकं शार्पनिंग करतात. हलकं म्हणजे खरोखरच हलकं. सह्याद्रीच्या कड्याच्या आणि आकाशाच्या मध्ये बारीक पांढरी रेघ दिसायला लागली की समजायचं, हात जड झाला. शार्पनिंग आधी करून मग लहान करण्यात अर्थ नाही, कारण ते शेवटच्या आकारावर अवलंबून असतं. फोटो बघताना झूम १०० टक्क्यांवर ठेवायचा, म्हणजे फोटोचा एक ठिपका आणि स्क्रीनचा एक ठिपका असा मेळ बसतो. ३३ किंवा ६७ टक्क्यांवर बघून शार्पनेस ठरवाल तर प्रत्यक्षात वेगळंच काहीतरी लोकांपर्यंत पोचेल.

उलटा प्रवास, म्हणजे लहानाचा मोठा, हा प्रकार वेगळाच. चारशे पिक्सेलच्या डीपीवरून दोन हजार पिक्सेलचा फोटो बनवताना नवी माहिती येणार कुठून? साधं सॉफ्टवेअर मधल्या जागा पसरवून भरतं, फोटो धूसर होतो. एआयवाली ॲप मनाने भरतात. आजोबांच्या जुन्या फोटोत ती पापण्या कोरतात, दात एका ओळीत लावतात. घरात फ्रेम करून लावायला हरकत नाही, पण तो चेहरा पूर्णपणे आजोबांचा राहिलेला नसतो. ओळखपत्राच्या फोटोसाठी तर असलं काही करूच नये.

चौसष्ट ठिपक्यांचा चौकोन

आता त्या गायब झालेल्या तीसेक एमबीकडे वळू. जेपेग हा फोटो आवळण्याचा मार्ग १९९२ साली प्रमाण म्हणून ठरला आणि अजूनही सर्वांत जास्त चालतो तोच. त्याच्या मुळाशी जे गणित आहे त्याची कल्पना नासिर अहमद यांची. बंगळुरूत जन्मलेले, तिथेच इंजिनिअरिंग शिकलेले अहमद पुढे अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला, तो मिळाला नाही. तरी त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह काम पुरं केलं आणि १९७४ च्या जानेवारीत तो निबंध छापून आला. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, म्हणजेच डीसीटी. आपण रोज पाठवतो ते गुड मॉर्निंगचे गुलाब याच गणितातून आवळून निघतात.

जेपेग फोटोचे आठ गुणिले आठचे चौकोन पाडतं. एका चौकोनात चौसष्ट ठिपके. डीसीटी या चौसष्ट ठिपक्यांचे दुसरे चौसष्ट आकडे बनवतं, फक्त त्यांचा अर्थ बदलतो. पहिला आकडा सांगतो की चौकोन एकूण किती उजळ आहे. पुढचे सांगतात की उजेड डावीकडून उजवीकडे, वरून खाली हळूहळू किती बदलतो. शेवटचे आकडे सांगतात की अगदी बारीक, दर ठिपक्याला बदलणारी नक्षी किती आहे. इथपर्यंत काहीच हरवलेलं नसतं, उलट गणित करून मूळ ठिपके परत मिळवता येतात.

काटछाट होते ती पुढच्या पायरीला. प्रत्येक आकड्याला एका ठरलेल्या तक्त्यातल्या संख्येने भागतात आणि पूर्णांकात आणतात. जेपेगच्या प्रमाण दस्तऐवजात नमुन्यादाखल दिलेल्या तक्त्यात पहिल्या घरात १६ आहे आणि शेवटच्या घरात ९९. समजा पहिल्या घरात ३५ आहे. १६ ने भागून दोन आले. फोटो उघडताना दोन गुणिले १६ म्हणजे ३२ परत मिळतील. ३५ चे ३२ झाले, डोळ्याला पत्ता नाही. शेवटच्या घरात ४० असेल तर ९९ ने भागून शून्य. परत येताना शून्यच. बारीक नक्षी गेली ती गेली. अशी पुष्कळ शून्यं एका रांगेत आली की ती फारच थोड्या जागेत लिहिता येतात, आणि फाइल लहान होते ती यामुळे.

सेव्ह करताना ‘क्वालिटी’ नावाची पट्टी सरकवतो तेव्हा आपण हा तक्ता बदलत असतो. सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या फुकट जेपेग लायब्ररीत (म्हणजे इतर सॉफ्टवेअर आतून वापरतात त्या तयार कोडमध्ये) ५० म्हणजे तो तक्ता जसाच्या तसा. ९० ला १६ चे ३ होतात आणि ९९ चे २०. १०० ला सगळीकडे १, तरी पूर्णांकात आणण्याची थोडी झीज होतेच. म्हणून ९० म्हणजे ‘नव्वद टक्के दर्जा शिल्लक’ असा अर्थ काढू नये. एका सॉफ्टवेअरमधले ८० आणि दुसऱ्यातले ८० सारखे असतात असंही नाही. फोटोशॉपच्या जुन्या पट्टीवर तर आकडे ० ते १२ असेच आहेत. माझ्या अनुभवात बहुतेक फोटोंना ८० ते ८५ पुरतं. धुकं, आकाश, स्टुडिओतला एकसारखा पडदा असे मऊ उतार असतील तर ९० घ्यावं, कारण तिथेच चौकोनांच्या पायऱ्या आधी दिसतात. ९५ च्या पुढे फाइल भराभर फुगते आणि डोळ्याला हाती काही लागत नाही.

रंगाची कथा आणखी वेगळी. माणसाचा डोळा उजेडातले बारीक फरक चटकन टिपतो, रंगातले नाही. जेपेग याचा फायदा घेतं: उजेडाची माहिती पूर्ण ठेवतं आणि रंगाची माहिती बहुतेक वेळा आडवी निम्मी, उभी निम्मी करतं. म्हणजे चार ठिपक्यांना मिळून एक रंग. सेटिंगमध्ये ४:२:० लिहिलेलं असतं ते हेच. निसर्गाच्या फोटोत हे खपून जातं. खपत नाही ते हिरव्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांत छापलेल्या निमंत्रणात. जेपेगच्या हिशेबाने भडक लाल रंगाचा उजेड ७६ आणि मध्यम हिरव्याचा ७५ भरतो. उजेडात फरकच नाही, अक्षराची कडा फक्त रंगाने ठरते, आणि रंगाचाच तपशील चौथ्या हिश्शावर आणलेला. अक्षरं पिंजलेल्या कापसासारखी दिसतात ती यामुळे. सेव्ह करताना ४:४:४, म्हणजे रंगाचीही माहिती पूर्ण, निवडायची सोय असेल तर अशा चित्राला ती जरूर वापरा.

खरं तर अक्षरं असलेल्या चित्राला जेपेग लावूच नये. लग्नपत्रिका, वेळापत्रक, सातबाऱ्याचा स्क्रीनशॉट, या सगळ्यांना पीएनजी बरं. पीएनजी काहीही टाकून देत नाही आणि मोठाले सपाट रंग असतील तर फाइलही लहान ठेवतं. आपल्या लिपीला तर जास्तच जपावं लागतं. इंग्रजी अक्षर थोडं पुसट झालं तरी ओळखू येतं. देवनागरीत अनुस्वाराचं टिंब दोन-तीन पिक्सेलांचं असतं आणि आवळताना पहिला बळी त्याचाच जातो. ‘कुंडल’ आणि ‘कुडल’ यांत फरक एका ठिपक्याचा. उलट, कॅमेऱ्याने काढलेला फोटो पीएनजीत ठेवणं निव्वळ उधळपट्टी: फाइल कितीतरी पट मोठी होते आणि जेपेगमध्ये जे आधीच गेलं ते काही परत येत नाही.

झेरॉक्सची झेरॉक्स

जेपेग उघडून बघितल्याने, कॉपी केल्याने, पेनड्राइव्हवर टाकल्याने काहीही झिजत नाही. झिजतं ते बदल करून पुन्हा सेव्ह केल्यावर. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की काय होतं हे परीक्षेच्या दिवसांत कॉलेजबाहेर उभं राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, इथेही तसंच. फक्त एक बारकावा आहे. काहीही न बदलता त्याच क्वालिटीवर पुन्हा सेव्ह केलं तर झीज लवकरच थांबते, कारण तेच चौकोन, तोच तक्ता, तेच भागाकार. खरं नुकसान होतं मध्ये क्रॉप किंवा रिसाइझ केल्यावर. चौकोनांच्या रेषा सरकतात, जुन्या चौकोनांच्या कडा नव्या चौकोनांच्या पोटात येतात आणि जेपेग त्या खोट्या कडांनाच तपशील समजून जपायला बघतं.

आता एका फोटोचा नेहमीचा प्रवास बघा. मामाने साखरपुड्यात काढला, व्हॉट्सॲपवर टाकला. मावशीने उतरवून घेतला, बाजूचे लोक कापले, स्टेटसला ठेवला. भाचीने स्टेटसचा स्क्रीनशॉट घेतला, वर ‘हॅपी ॲनिव्हर्सरी’ लिहिलं आणि पुन्हा ग्रुपवर टाकला. शेवटी तोच वाढदिवसाच्या फ्लेक्सवर जातो आणि चौकातून जाणारा प्रत्येक जण म्हणतो, ‘ह्यांचा फोटो असा का दिसतोय?’ फ्लेक्स छापणाऱ्याचा काही दोष नसतो.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की नेहमीच्या क्वालिटीत त्याची मोठी बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणली जाते आणि वर जेपेगचा हात फिरतो. ऑगस्ट २०२३ पासून एचडीचा पर्याय आला. त्यात पिक्सेल जास्त राहतात, तरी थोडं आवळणं होतंच. फाइल जशीच्या तशी जायला हवी असेल तर पिनच्या खुणेतून ‘डॉक्युमेंट’ निवडून पाठवायची. तिला व्हॉट्सॲप हात लावत नाही. फ्लेक्सवाल्याला, छापखान्याला, अल्बम करणाऱ्याला फोटो द्यायचा तो असाच.

इन्स्टाग्राम फोटोची रुंदी १०८० पिक्सेलवर आणतं. उभ्या फोटोचं ४:५ हे नेहमीचं माप धरलं तर १०८० × १३५०. तुम्ही ४००० चा चढवलात तर लहान करायचं काम त्यांचं मशीन करणार, कोणत्या पद्धतीने आणि किती शार्प ते तुमच्या हातात नाही. तुम्हीच १०८० करून, कौलं-बिलं तपासून, हलकं शार्प करून चढवलात तर निदान रिसाइझ तरी तुमच्या मनासारखं होतं. त्यांचं जेपेग होणारच, म्हणून आपल्याकडून जाताना क्वालिटी ९० च्या आसपास ठेवावी. आधीच ६० वर आवळून दिलात तर दोन्ही थरांची घाण एकावर एक बसते. फेसबुक नेहमीच्या फोटोंसाठी ७२०, ९६० आणि २०४८ पिक्सेल रुंदी सुचवतं. त्यातलं २०४८ घ्यावं.

मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, जराही हात न लावता ठेवायचा. प्रत्येक ठिकाणासाठीची प्रत त्या मुळापासून थेट बनवायची: इन्स्टाची वेगळी, व्हॉट्सॲपची वेगळी. इन्स्टाच्या प्रतीपासून व्हॉट्सॲपची बनवायला गेलात की झेरॉक्सचं दुकान सुरू झालं.

जाता जाता डीपीआय, म्हणजे एका इंचात किती ठिपके. ‘वेबसाठी ७२, छपाईसाठी ३००’ हे वाक्य वर्षानुवर्षं घोकलं जातं. यातला ७२ हा १९८४ च्या मॅकिंटॉशच्या पडद्याचा वारसा आहे. स्क्रीन डीपीआय वाचतच नाही, ती फक्त पिक्सेल मोजते. फाइलमधला तो आकडा म्हणजे छपाईयंत्राला लिहिलेली चिठ्ठी आहे. तो ७२ चा ३०० केल्याने एकही पिक्सेल वाढत नाही. छपाईसाठी गुणाकार करायचा: सहा बाय चार इंचाच्या फोटोला ३०० च्या हिशेबाने १८०० × १२०० पिक्सेल हवेत. तेवढे असतील तर प्रश्न मिटला.

आणि रंग फिके पडण्याची तक्रार असेल तर कलर प्रोफाइल तपासा, म्हणजे फाइलमधले रंगांचे आकडे कोणत्या रंगभाषेत वाचायचे हे सांगणारी नोंद. इंटरनेटची रंगभाषा १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडलेली एसआरजीबी. डीएसएलआरमध्ये ॲडोबी आरजीबी निवडलेलं असेल, किंवा फोन जास्त रंगांच्या डिस्प्ले पी३ मध्ये फोटो काढत असेल, आणि लहान करणाऱ्या ॲपने प्रोफाइलची चिठ्ठी काढून टाकली, तर विसर्जनाच्या मिरवणुकीतला गुलाल विटकरीकडे झुकतो. सेव्ह करण्यापूर्वी ‘कन्व्हर्ट टू एसआरजीबी’ केलं की हा त्रास होत नाही.

२० केबीपेक्षा जास्त, ५० पेक्षा कमी

आपल्याकडे सर्वांत जास्त डोकेफोड होते ती नोकरीच्या फॉर्मवर. बँकांच्या भरतीचा आयबीपीएसचा फॉर्म घेऊ. फोटो २०० × २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० × ६० पिक्सेल, १० ते २० केबी. जाहिरात दरवर्षी वाचून घ्यावी, पण मागणीचा साचा हाच.

पहिली चूक क्रॉपमध्ये होते. पासपोर्ट फोटो ३५ × ४५ मिलिमीटरचा, त्याचं प्रमाण वेगळं. २०० × २३० त्यापेक्षा रुंद आहे. रुंदी-उंचीची साखळी तोडून नुसते आकडे टाकले की चेहरा फुगतो, दोन महिने भाकरीऐवजी वडापावच खाल्ल्यासारखा. म्हणून आधी २० : २३ या प्रमाणात कापायचं, उदाहरणार्थ १००० × ११५०, आणि मग लहान करायचं. चेहरा मध्ये, डोक्यावर थोडी जागा. आकार बदलताना ‘मेंटेन ॲस्पेक्ट रेशो’ची खूण कायम ठेवली तर रुंदी २०० टाकताच उंची आपोआप २३० येते. ती आली नाही तर क्रॉप चुकलंय.

२०० × २३० म्हणजे ४६ हजार ठिपके. न आवळता १३८ केबी. त्याचे ५० केबीच्या आत आणणं जेपेगला सोपं आहे, ९०-९५ क्वालिटीलाही बहुधा बसतं. अडचण उलटीकडून येते: फाइल २० केबीपेक्षा लहान भरते आणि फॉर्म ती घेत नाही. सहीचं तर हमखास. ८४०० ठिपके, त्यातले बहुतेक कोरे पांढरे. जेपेगला पांढरं आवळायला काहीच लागत नाही, फाइल दोन-चार केबीची होते आणि फॉर्म म्हणतो, किमान दहा हवी. सायबर कॅफेत यावर नाना तोडगे चालतात. सरळ मार्ग दोन. क्वालिटी १०० करा आणि रंग ४:४:४ ठेवा. तरी भरत नसेल आणि सूचनेत पिक्सेलचं माप ‘प्रिफर्ड’ असं दिलेलं असेल, तर प्रमाण तेच ठेवून २८० × १२० करा. ठिपके चौपट झाले की केबी चढतात, आणि सहीही जास्त स्पष्ट येते. जिथे पिक्सेलचं माप सक्तीचं असेल तिथे हा दुसरा मार्ग बंद.

सहीचा फोटो काढताना पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने सही करा, उजेड खिडकीचा घ्या आणि फोनची सावली कागदावर पडू देऊ नका. सावली असली की कागद राखाडी होतो, मग लोक कॉन्ट्रास्ट वाढवतात, आणि सहीच्या बारीक रेघा उडतात. लहान करण्याआधीच हे जमलं असेल तर पुढे काही दुरुस्त करावं लागत नाही.

अमेरिकेच्या व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्मचं माप वेगळं: चौकोनी फोटो, ६०० × ६०० ते १२०० × १२०० पिक्सेल, २४० केबीच्या आत. इथे ६०० निवडलं तर ९० च्या वर क्वालिटी सहज ठेवता येते. उगाच १२०० च्या मागे लागून ६० वर आवळण्यात फायदा नाही.

दोन गोष्टी फॉर्ममध्ये हमखास अडकतात. आयफोन २०१७ च्या आयओएस ११ पासून एचईआयसी नावाच्या प्रकारात फोटो साठवतो, आणि फॉर्मला जेपीजी, म्हणजे जेपेगच, हवं असतं. फाइलचं नाव बदलून शेवटी ‘जेपीजी’ लिहिल्याने प्रकार बदलत नाही, रूपांतर करावं लागतं. किंवा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडून फोटो काढावा. दुसरी गोष्ट, गॅलरीत उभा दिसणारा फोटो अपलोड केल्यावर आडवा पडणं. फोन आडवे ठिपके साठवून ‘दाखवताना फिरव’ अशी नोंद फाइलमध्ये ठेवतो; काही संकेतस्थळं ती नोंद वाचत नाहीत. फोटो एडिटरमध्ये उघडून लहान केला आणि सेव्ह केला की बहुधा ठिपकेच फिरून बसतात.

त्याच नोंदींमध्ये, ज्यांना एक्झिफ म्हणतात, फोटो कुठे काढला ते ठिकाणही असू शकतं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवताना ते निघून जातं, डॉक्युमेंट म्हणून पाठवताना राहतं. छापखान्याला पाठवताना फिकीर नाही. जुनं कपाट विकायला काढलं आणि घरात काढलेला त्याचा फोटो अनोळखी माणसाला डॉक्युमेंट म्हणून धाडला, तर पत्ताच दिल्यासारखं आहे.

साधनं फुकट आहेत. विंडोजवर १९९६ पासून चालत आलेलं इरफानव्ह्यू घरगुती वापराला मोफत आहे. त्यात लँझोस आहे, क्वालिटीची पट्टी आहे, आणि ‘इतक्या केबीत बसव’ असंही सांगता येतं. गिंपमध्ये बाकी सगळं आणि ४:४:४ चा पर्याय. पेंटमध्येही आकार बदलता येतो, पण जेपेगची क्वालिटी निवडता येत नाही. मॅकवर प्रीव्ह्यू पुरेसं. ब्राउझरमध्येच करायचं असेल तर गूगलच्या क्रोम टीमने केलेलं स्क्वूश आहे. त्यात आधीचा-नंतरचा फोटो शेजारी ठेवून मधली रेघ सरकवत बघता येतं, आणि फोटो आपल्या मशीनवरच आवळला जातो, कुठे पाठवला जात नाही. ‘२० केबीत फोटो करा’ म्हणणाऱ्या इतर शेकडो संकेतस्थळांपैकी बरीच फाइल आधी आपल्या सर्व्हरवर घेतात. लोक तिथे एकामागून एक फोटो, सही, अंगठा आणि आधार चढवतात, म्हणजे पूर्ण ओळखच एका अनोळखी ठिकाणी जमा होते. हे काम सायबर कॅफेत केलं असेल तर निघताना डाउनलोड्सच्या फोल्डरमधल्या आपल्या फाइली काढून टाकायच्या, आणि मग रिसायकल बिनमधूनही.